आइसलँडमध्ये गाडी भाड्याने घेताय? इन्शुरन्सच्या या चुका टाळा

केफ्लाविक विमानतळावर गाडीची किल्ली हातात देण्याआधी काऊंटरवरचा माणूस विचारतो, "ग्रॅव्हल प्रोटेक्शन? सँड अँड अ‍ॅश?" मागे रांग लागलेली असते, जागरणाने डोळे चुरचुरत असतात, मुलांना भूक लागलेली असते. "इन्शुरन्स आहे आमचा," म्हणत आपण सही ठोकतो. पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात, कारण हा 'आमचा' इन्शुरन्स नेमका कोणता, हे आपण कधी उघडून पाहिलेलंच नसतं.

व्हिसाचा इन्शुरन्स गाडीला लागू होत नाही

आइसलँड शेंगेनमध्ये येतो. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं मेडिकल कव्हर काढावंच लागतं, आणि ते काढलं की घरात सगळ्यांना वाटतं, इन्शुरन्सचं काम झालं. ते कव्हर माणसांच्या दवाखान्याचं. त्याच पॉलिसीत 'पर्सनल लायबिलिटी' असा मोठा आकडा दिसतो, पण मोटारीमुळे झालेलं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं. काही भारतीय ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये भाड्याच्या गाडीचा 'एक्सेस' (नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा वाटा) भरून देणारं कलम असतं. आपल्या पॉलिसीत ते आहे का, ते निघण्यापूर्वी शोधा.

सीडीडब्ल्यू म्हणजे झिरो डेप नव्हे

सर्वात महागात पडणारी चूक ही. भारतात आपल्याला झिरो डेप आणि बंपर टू बंपरची, म्हणजे दुरुस्तीचं जवळजवळ सगळं बिल विमा कंपनीने भरण्याची सवय. साध्या पॉलिसीतही १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपला वाटा, फक्त १,००० रुपये. म्हणून भाड्याच्या गाडीच्या बुकिंगवर 'सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) इन्क्लुडेड' वाचलं की आपण निर्धास्त होतो.

सीडीडब्ल्यू हा खरं तर कंपनीने दिलेला एक शब्द आहे: नुकसान कितीही झालं तरी तुमच्याकडून अमुक रकमेपेक्षा जास्त घेणार नाही. ती अमुक रक्कम म्हणजे एक्सेस. समजा, ती साडेतीन लाख आइसलँडिक क्रोना आहे. म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. पार्किंगमध्ये दार चेपलं आणि दुरुस्तीचं बिल एक्सेसच्या आत बसलं, तर ते सगळं तुमच्याच खिशातून. समोरच्याचं नुकसान भरून देणारी थर्ड पार्टी तिथे कायद्याने सक्तीची आहे आणि ती भाड्यात धरलेली असते, तेव्हा तिची चिंता नको. प्रश्न आपल्या ताब्यातल्या गाडीचा आहे.

आणि सीडीडब्ल्यूमधून काय वगळलंय, ती यादी बुकिंगच्या पानावर नसते. ती टर्म्समध्ये असते. टायर, काचा, गाडीचा तळ, हरवलेली किल्ली, जळालेली क्लच प्लेट, डिझेलच्या गाडीत भरलेलं पेट्रोल. यातलं एखादं प्रकरण उद्भवलं तर एक्सेसची मर्यादाही लागू होत नाही, पूर्ण बिल येतं.

आइसलँडची खास दुखणी

दुसऱ्या देशांत न दिसणारी कलमं इथे दिसतात, आणि ती उगीच घातलेली नाहीत. देशाला वळसा घालणारा रिंग रोड डांबरी आहे, पण वायव्येच्या वेस्टफ्योर्ड्स भागाकडे वळलात की खडी सुरू. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालचा दगड सरळ काचेवर येतो. त्यासाठी ग्रॅव्हल प्रोटेक्शन. ते बहुतेक वेळा घ्यावं, असं माझं मत. खडीवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, पण समोरून गाडी दिसली की त्याहून बराच कमी वेग बरा.

सँड अँड अ‍ॅश मात्र प्रवास कुठे आणि कधी आहे ते पाहून ठरवा. दक्षिणेला म्यिर्दाल्ससांदुर आणि स्केइथारारसांदुर अशी काळ्या वाळूची विस्तीर्ण मैदानं आहेत. वारा सुटला की ती वाळू गाडीचा रंग घासून काढते, काचा धुरकट करते. फक्त राजधानी रेक्याविक आणि तिच्या जवळचा गोल्डन सर्कल हा पर्यटकांचा फेरा करणार असाल तर हे कव्हर सोडलं तरी चालेल. दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावाच्या पुढे पूर्वेला जाणार असाल तर घ्या, आणि त्या कव्हरलाही वेगळा एक्सेस आहे का, ते विचारा.

सगळ्यात फसवं प्रकरण दाराचं. समुद्रकिनारी पार्किंगमध्ये गाडी थांबते, मागच्या सीटवरचं कोणीतरी उत्साहात हँडल ओढतं, आणि वारा दार हातातून हिसकावून पार पुढे दुमडतो. बिजागरी वाकते, पुढचा पत्रा चेपतो, दार पुन्हा बंदच होत नाही. हे नुकसान बऱ्याच कंपन्यांच्या कव्हरमध्ये नसतं, महागड्या पॅकेजमध्येही नाही. उपाय फुकटचा आहे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, एका वेळी एकच दार उघडा, दोन्ही हातांनी धरून. मुलांच्या दारांना चाइल्ड लॉक लावा.

नदीतून गाडी घालण्याचा मोह होतो. एफ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर फक्त फोर बाय फोर गाडीला परवानगी आहे, पण फोर बाय फोर घेतली म्हणजे कंपनीने एफ-रोडला हो म्हटलंय असं नाही. कंत्राटात पाहा. परवानगी असली तरी पाण्याने इंजिन गेलं तर ते सहसा तुमच्याच माथी. थोर्समोर्क दरीच्या वाटेवरची क्रोसाउ नदी भल्याभल्या गाड्या अडकवते. तिथे उंच चाकांच्या बसने जाणं शहाणपणाचं. बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घातली तर कव्हर तर जातंच, वर दंडही होतो.

बुकिंग साइटवरचं 'फुल प्रोटेक्शन'

हे स्वस्त दिसतं म्हणून घेतलं जातं. घ्यायला हरकत नाही, पण ते गाडीच्या कंपनीचं नाही. काऊंटरवर त्याला काडीची किंमत नसते. कंपनी तुमच्या कार्डावर पूर्ण एक्सेसएवढी रक्कम अडकवून ठेवते, नुकसान झालं तर ती कापून घेते, आणि मग तुम्ही कागद जोडून साइटकडे परतावा मागायचा. शिवाय असे काही विमे फक्त ब्रिटन-युरोपच्या रहिवाशांसाठी असतात. पैसे भरण्याआधी 'भारतातला रहिवासी' पात्र आहे का, ते बघा.

क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. ते अ‍ॅपमधून सुरू करा, लिमिट पुरेशी ठेवा.

कागदपत्रं

आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) आरटीओतून निघतो. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स हवंच. डिजीलॉकर काऊंटरवर दाखवून उपयोग नाही. बायको किंवा मित्रही गाडी चालवणार असेल तर त्यांचं नाव कंत्राटात घाला. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर कव्हर संपलं.

घोळ झालाच तर

कोणाला लागलं असेल तर ११२. नंतर गाडीच्या कंपनीला फोन. त्यांना न विचारता गॅरेजात नेऊ नका. दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे, रस्त्याचे फोटो काढा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातला अपघाताचा फॉर्म भरा.

परतीचं विमान पहाटेचं असेल तर गाडी रिकाम्या काऊंटरसमोर ठेवून किल्ली पेटीत टाकावी लागते. तिची तपासणी होते सकाळी, आणि तोवर जबाबदारी तुमची. चारही बाजू, छत, काच, चाकं, इंधनाचा काटा आणि किलोमीटर असा सलग व्हिडिओ काढून ठेवा. गाडी घेतानाही हेच करा.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी कार्डावर रक्कम कापली गेली तर घाबरून कार्ड ब्लॉक करू नका. त्याने देणं मिटत नाही. कंपनीला ईमेल करून नुकसानीचे फोटो, दुरुस्तीचा अंदाज आणि गाडी घेताना भरलेला तपासणी फॉर्म मागा. उत्तर आलं नाही किंवा फोटोतला ओरखडा तुमच्या पहिल्या दिवसाच्या व्हिडिओतही दिसत असेल, तर तोच व्हिडिओ जोडून बँकेत डिस्प्यूट टाका. बँकेची मुदत असते, त्यामुळे कंपनीच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका. एक्सेसचा वेगळा विमा असेल तर त्यांनाही त्याच दिवशी कळवा.