पीसीआर निगेटिव्ह, प्लेट रेझिस्टंट: प्रतिरोधाची जनुकं वाचताना या चुका टाळा

गोव्याच्या पावसाळ्यात मीठ पाझरतं, पापड सादळतात, आणि अँटिबायोटिकच्या डिस्कही (जिवाणूंच्या प्लेटवर ठेवायच्या औषधाच्या चकत्या) सादळतात. पहिल्या दोन गोष्टी घरात कुणालाही कळतात. तिसरी कळायला मला तीन दिवस लागले.

तेव्हा मी एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. जुलैत ओपीडीतल्या साध्या लघवीच्या नमुन्यांतले ई. कोलाय जिवाणू ओळीने इमिपेनेम या कार्बापेनेम गटातल्या औषधाला रेझिस्टंट दिसू लागले. आयसीयूचं तोंडही न पाहिलेले पेशंट! मी फिजिशियनना फोन करून मोकळी झाले, ‘सर, एनडीएम पसरलंय बहुतेक.’ एनडीएम म्हणजे कार्बापेनेम औषधं फोडणारं एक एन्झाइम, आणि त्याचं जनुक. चौथ्या दिवशी सुचलं, आणि तीच डिस्क कंट्रोलच्या ई. कोलायवर, म्हणजे गुण आधीच माहीत असलेल्या एटीसीसी २५९२२ या स्ट्रेनवर ठेवली. तिथे झोन, म्हणजे डिस्कभोवतीचा वाढ नसलेला गोल, २६ ते ३२ मिलिमीटर यायला हवा. आला २१. या स्ट्रेनमध्ये एनडीएम नसतंच, तेव्हा दोष जिवाणूचा नव्हता, आमचा होता. सकाळच्या घाईत कार्ट्रिज फ्रीझरमधून काढून लगेच उघडलं जायचं. थंड डिस्कवर हवेतलं बाष्प बसायचं आणि इमिपेनेम ओलाव्यात टिकत नाही. औषध कमी उरलं, झोन लहान झाला, आणि मी न पाहिलेल्या जनुकाला नाव देऊन बसले.

म्हणून जनुकाचा विचार करण्याआधी प्लेटची झाडाझडती घ्या. कार्ट्रिज बंद ठेवूनच तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सोबत सिलिका जेल ठेवा. प्लेटमधल्या म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिलिमीटरच हवी. हात सैल सोडून जाड ओतलं की झोन आपोआप लहान येतात. जिवाणूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंडपेक्षा (हे गढूळपणाचं माप) दाट झालं तरी तेच. आणि अनपेक्षित रिपोर्ट आला, तर त्याच दिवशी कंट्रोल स्ट्रेन लावा, आठवड्याच्या ठरलेल्या वाराची वाट बघू नका.

‘पीसीआर निगेटिव्ह आहे, मग औषध चालेल ना?’

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, त्यामुळे इथे जरा थांबते. पीसीआर म्हणजे ठरावीक जनुक आहे का ते शोधणारी चाचणी, आणि कार्बापेनेमेझ म्हणजे कार्बापेनेम फोडणारं एन्झाइम. मेरोपेनेम, एर्टापेनेम ही इमिपेनेमच्याच गटातली औषधं.

रात्री आयसीयूतून रेसिडेंटचा फोन येतो, ‘मॅडम, कार्बापेनेमेझचं पीसीआर निगेटिव्ह आलंय. मेरोपेनेम चालू ठेवू?’ मी विचारते, जिवाणू कोणता? ‘ॲसिनेटोबॅक्टर.’ मग निगेटिव्हला फारसा अर्थच राहत नाही. झटपट किटमध्ये साधारणपणे कार्बापेनेमेझची पाच कुळं शोधली जातात: केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८. ॲसिनेटोबॅक्टरचं नेहमीचं हत्यार ऑक्सा-२३, ते या पाचांत नाही. किटने इमानदारीने उत्तर दिलं, पण तिला प्रश्नच वेगळा विचारला होता.

दुसरं उदाहरण स्यूडोमोनासचं. इमिपेनेम त्याच्या पेशीत शिरतं ते ओपीआर-डी नावाच्या प्रथिनाच्या दारातून. त्या दाराच्या जनुकात बिघाड झाला, की दार बंद. औषध फोडणारं एन्झाइम एकही नाही, आणि तरी इमिपेनेम निकामी. इथे नवीन जनुक मिळालेलं नाही, असलेलं बिघडलंय. असलेलं जनुक शोधणाऱ्या पीसीआरला ते कसं दिसणार? क्लेब्सिएलातही असंच घडतं. सीटीएक्स-एम-१५ सारखं एन्झाइम एरवी कार्बापेनेमला फारसं काही करू शकत नाही. पण पेशीची दारं अरुंद झाली, औषध थेंबाथेंबाने आत येऊ लागलं, की तेवढं थोपवायला ते पुरतं.

म्हणून प्लेट ‘रेझिस्टंट’ म्हणत असेल आणि कंट्रोल बरोबर असेल, तर पीसीआरच्या निगेटिव्हवर ते औषध देऊ नका. उलट दिशेनेही सांभाळा. ऑक्सा-४८ कार्बापेनेम हळूहळू फोडतं, त्यामुळे मेरोपेनेमचा झोन कधीकधी चक्क ‘सेन्सिटिव्ह’च्या हद्दीत येतो. एर्टापेनेमची डिस्क सोबत लावली तर संशय तरी येतो.

पीसीआर मशीन नसलेल्या लॅबसाठी एमसीआयएम ही टेस्ट मला फार आवडते, कारण तिला फक्त हात नीट लागतात. २ मिलिलिटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये क्लेब्सिएला किंवा ई. कोलायचा १ मायक्रोलिटरचा लूप, स्यूडोमोनास असेल तर १० मायक्रोलिटरचा. त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क बुडवून ३५ अंशांवर ४ तास. मग ती डिस्क बाहेर काढून एटीसीसी २५९२२ च्या लॉनवर, म्हणजे प्लेटभर पसरलेल्या थरावर. जिवाणूने मेरोपेनेम फोडून टाकलं असेल तर दुसऱ्या दिवशी डिस्कच्या अंगाला लागून वाढ दिसते. झोन ६ ते १५ मिलिमीटर असेल तर कार्बापेनेमेझ आहे, १९ किंवा जास्त असेल तर नाही. दुसऱ्या नळीत ईडीटीए (जस्त पकडून ठेवणारं रसायन) घालून हेच केलं आणि झोन ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढला, तर एन्झाइम जस्तावर चालणारं, म्हणजे एनडीएमच्या जातकुळीचं. ॲसिनेटोबॅक्टरसाठी मात्र ही टेस्ट वापरू नका, तिथे ती दगा देते.

‘जनुक सापडलं, म्हणजे रेझिस्टंट’

ॲसिनेटोबॅक्टर बाउमनीच्या गुणसूत्रावर ऑक्सा-५१ जन्मजात असतं. ‘ऑक्सा-५१ पॉझिटिव्ह’ यातून फार तर जिवाणूची ओळख पटते. ते जनुक त्रासदायक होतं, जेव्हा त्याच्या आधी आयएसएबा-१ नावाचा उडता तुकडा येऊन बसतो आणि आपला प्रोमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, त्याला देतो. नुसत्या ऑक्सा-५१ वरून कार्बापेनेम रद्द करणारा रिपोर्ट मी पाहिलाय. अगदी तसंच, क्लेब्सिएला ॲम्पिसिलिनला आणि प्रोटिअस कोलिस्टिनला जन्मतःच दाद देत नाहीत. हे ‘रेझिस्टन्स आला’ म्हणून मोजणं म्हणजे माशाला पोहता येतं याची तक्रार करणं.

रेक्टल स्वॅबमधून (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्यातून) थेट पीसीआर केलं, तर जनुक कोणत्या जिवाणूचं हे कळतच नाही. स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून पेशंटला औषध सुरू करायचं नसतं. वेगळं ठेवायचं, हात धुवायचे. जखमेच्या मिश्र नमुन्यातही हीच गल्लत होते. मेथिसिलिनला दाद न देणारं मेक-ए जनुक त्वचेवरच्या साध्या स्टॅफिलोकॉकसचं आणि बाजूला सेन्सिटिव्ह स्टॅफिलोकॉकस ऑरियस, की रिपोर्टवर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला रेझिस्टंट ऑरियस.

याच्या उलट लपलेलं जनुक. स्टॅफिलोकॉकसवर क्लिंडामायसिनचा झोन छान मोकळा दिसतो, पण एर्म जनुक आत झोपलेलं असतं आणि एरिथ्रोमायसिनने जागं होतं. दोन्ही डिस्क १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या की क्लिंडामायसिनचा गोल एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा होतो, रोमन लिपीतल्या डी अक्षरासारखा. आपली रोजची डिस्क मांडायची पद्धत दोघांना लांब ठेवते, त्यामुळे हे दिसत नाही. मांडणी बदलली की वेगळी टेस्ट करायची गरजच उरत नाही.

‘कार्बापेनेमेझ’ एवढंच लिहून रिपोर्ट पाठवणे

आता हे पुरत नाही. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे जोडऔषध केपीसी आणि ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर चालत नाही. ॲझ्ट्रिओनामला एनडीएम फोडत नाही, पण सोबतची इतर एन्झाइम्स फोडतात, म्हणून त्याच्या जोडीला त्या एन्झाइम्सना रोखणारं ॲव्हिबॅक्टम द्यावं लागतं. डॉक्टरला नाव हवं असतं ते यासाठी.

एनडीएमच्या नावावरून भांडण मात्र भरपूर झालं. २००८ साली स्वीडनमधल्या एका पेशंटच्या लघवीत सापडलेल्या क्लेब्सिएलात हे एन्झाइम पहिल्यांदा ओळखलं गेलं. पेशंटवर त्याआधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून नावात न्यू दिल्ली. आपल्याकडे तेव्हा अपमानाची चर्चा जास्त आणि जनुकाची कमी झाली, असं माझं मत.

कोलिस्टिनची डिस्क

लावू नका. मोठा रेणू आहे, अगारमध्ये नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करा, म्हणजे द्रवात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा लावून तपासा. आणि २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झालेलं एमसीआर-१ जनुक सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. क्लेब्सिएलात बहुतेकदा एमजीआर-बी हे गुणसूत्रावरचं जनुक मोडलेलं असतं, आणि मोडकं काही पीसीआरला दिसत नाही, हे वर आलंच.

‘जंतूला औषधाची सवय झाली’

हे वाक्य वॉर्डात, घरात, कधी लेक्चरमध्येही ऐकू येतं. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी दाखवलं की म्युटेशन मारक गोष्ट समोर येण्याआधीच घडलेलं असतं. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी तर मखमलीच्या तुकड्याने एका प्लेटवरच्या वसाहतींचे ठसे दुसऱ्या प्लेटवर उमटवले आणि स्ट्रेप्टोमायसिन कधीही न पाहिलेल्या जिवाणूंतून त्याला पुरून उरणारे वेगळे काढले. औषध कुणाला काही शिकवत नाही, ते निवडतं. पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमबद्दल एब्रहम आणि चेन यांनी १९४० मध्येच लिहिलं होतं, पेनिसिलिन अजून बाजारात यायचं होतं तेव्हा.

‘अमुक औषध बंद करा, रेझिस्टन्स आपोआप जाईल’

इथे मी विद्यार्थ्यांना गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीची आठवण करून देते. कुणी एकाला तातडीने पलीकडे जायचं असतं म्हणून बोट सुटते. पण तिच्यावरच्या स्कूटर, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं सगळीच पलीकडे पोचतात. प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं कडं, तसंच. एनडीएम असलेल्या प्लाझ्मिडवर बऱ्याचदा जेंटामायसिन-ॲमिकासिनला निकामी करणारं आरएमटी किंवा आर्म-ए, आणि क्विनोलोनविरुद्धची जनुकंही बसलेली असतात. तुम्ही मेरोपेनेम थांबवलंत आणि ॲमिकासिन वाढवलंत, तरी बोट चालूच राहते. १९५० च्या दशकात जपानमधल्या आमांशाच्या शिगेलात सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारांचा प्रतिरोध एकदमच यायचा. तो एका जिवाणूतून दुसऱ्यात एकगठ्ठा जातो, हे तिथल्या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवलं.

इंटेग्रॉन, म्हणजे प्रतिरोधाची जनुकं ओळीने बसतात ती डीएनएची चौकट, समजावताना चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बरी पडते. चौकट तीच, प्रत्येक घर तिला वेगळी फळं बांधतं. फरक एवढाच की इंटेग्रॉनमध्ये प्रोमोटरजवळ बांधलेलं जनुक जास्त जोरात चालतं, टोकाचं मंद. त्यामुळे ‘इंटेग्रॉन पॉझिटिव्ह’ एवढ्यावरून कोणतं औषध गेलं हे सांगता येत नाही. फळं मोजावी लागतात.

प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

जेलवर प्लाझ्मिडचा पट्टा दिसला म्हणजे प्रतिरोध त्यावरच आहे, असं सिद्ध होत नाही. कॉन्जुगेशन करा, म्हणजे दाता जिवाणूतून ग्राहक जिवाणूत प्लाझ्मिड जातं का ते पाहा. ग्राहक म्हणून सोडियम अझाइडला दाद न देणारा ई. कोलाय जे-५३ घ्या, आणि अझाइड व औषध दोन्ही घातलेल्या प्लेटवर फक्त दाता आणि फक्त ग्राहक असे दोन कंट्रोल लावा. दात्याच्या प्लेटवर वाढ असेल तर तुमचा ‘ट्रान्सकॉन्जुगंट’ (प्लाझ्मिड मिळालेला ग्राहक) बहुधा दाताच आहे. दरवर्षी एक तरी विद्यार्थी ही प्लेट ‘जागा नव्हती’ म्हणून गाळतो.

आणि आयसोलेट, म्हणजे नमुन्यातून वेगळा काढलेला जिवाणू, साध्या न्यूट्रिएंट अगारवर महिनोन्‌महिने सबकल्चर करत ठेवू नका. औषध नसताना प्लाझ्मिड म्हणजे ओझं, ते गळून पडू शकतं. मे महिन्यात रेझिस्टंट म्हणून ठेवलेला क्लेब्सिएला डिसेंबरच्या व्हायव्हापूर्वी सेन्सिटिव्ह निघाला, की गाइड तुमच्या लेबलवर संशय घेतात. मिळाला त्याच आठवड्यात ग्लिसरॉलमध्ये, वजा ८० अंशांवर, निदान दोन व्हायल. बाहेर काढाल तेव्हा आधी मेरोपेनेमच्या डिस्कशेजारून उचला.