कंट्रोल लाइनचं विमान इलेक्ट्रिक करताय? या चुका टाळा

कंट्रोल लाइनचं विमान म्हणजे हातातल्या हँडलला जोडलेल्या लाइनींवर, म्हणजे तारांवर, आपल्याभोवती गोल उडवायचं मॉडेल विमान. इंजिन काढलं, मोटर लावली, टाकीच्या जागी बॅटरी बसवली, झालं काम! असं म्हणत दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मैदानावर येतं आणि तासाभरात बाल्साच्या हलक्या लाकडाचे तुकडे पिशवीत भरून घरी जातं. इंधनावर चालणाऱ्या ०.८ सीसी ग्लो इंजिनाची छोटी विमानं इलेक्ट्रिकवर फार सुंदर उडतात. म्हणूनच ती अशी फुटलेली बघवत नाहीत.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो नाकापायी. जुन्या विमानाचं नाक वर्षानुवर्षं इंधनातलं एरंडेल प्यायलेलं असतं. पुसलं की कोरडं दिसतं, पण नखाने दाबलं की तेल वर येतं. त्यावर इपॉक्सी धरत नाही. एनसीसीत कंट्रोल लाइन उडवलेला एक मुलगा रात्री पाच मिनिटांच्या इपॉक्सीने मोटरचं माउंट चिकटवून सकाळी हजर. मी नाक दाबून तेल दाखवलं, म्हटलं, आज नको उडवूस. "काका, घट्ट बसलंय, एकदाच उडवतो." तिसऱ्या फेरीत माउंटसकट मोटर सुटली आणि वायरींवर लोंबकळत फिरणाऱ्या प्रोपेलरने पंखाची पुढची कड कापली. वेग गेला, लाइन ढिल्या पडल्या. लाइन ढिली पडली की एलिव्हेटर, म्हणजे विमान वर-खाली नेणारी शेपटीची पट्टी, तुमच्या हातात राहत नाही. विमान नाकावर आपटलं. माउंट उचलून पाहिलं, तर मागे इपॉक्सीचा पापुद्रा अख्खा होता. लाकडाचा एक कणही त्याला चिकटलेला नव्हता.

तेल काढायचे घरगुती उपाय पुष्कळ सांगतात. मी त्या भानगडीत पडत नाही. कोरडं लाकूड लागेपर्यंत नाक कापतो, नवा बाल्सा जोडतो, दोन्ही बाजूंना पातळ प्लाय लावतो आणि मोटर स्क्रूने बसवतो. इपॉक्सी तीस मिनिटांचा, आणि रात्रभर हात लावायचा नाही. पाच मिनिटांचा इपॉक्सी मी पेटीत ठेवतच नाही.

दुसरी चूक वजनाची. छोटी मोटर बहुधा इंजिनापेक्षा हलकी असते, त्यामुळे बॅटरी टाकीच्या जागी ठेवली की शेपूट जड होतं. मग विमान बेडकासारखं वरखाली उड्या मारतं आणि लोक हँडलला दोष देतात. बॅटरी, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), टायमर (ठरल्या वेळी मोटर बंद करणारा), प्रोपेलर, सगळं जागेवर लावूनच तोल बघा. प्लॅनवर तोलबिंदूची खूण नसेल, तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २० टक्क्यांवर सुरुवात करा. आधी बॅटरी पुढे सरकवा. शिसं लावायचंच झालं तर सगळ्यात शेवटी.

टायमर अंदाजाने लावू नका. टाकी रिकामी होईपर्यंत उडवायची सवय लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला मारक आहे. पहिलं उड्डाण दोनच मिनिटांचं करा, मग चार्जरने किती एमएएच (बॅटरीतल्या विजेचं माप) परत भरले ते बघा. समजा दोन सेलची ४५० एमएएच बॅटरी आहे आणि २०० भरले. म्हणजे मिनिटाला १००. वापरायचे ८० टक्के, म्हणजे ३६०. हिशेबाने ३ मिनिटं ३६ सेकंद आले. मी टायमर सव्वातीनवर लावतो आणि तो आकडा चिकटपट्टीवर लिहून बॅटरीला डकवतो. हे न करणाऱ्यांची मोटर लूपच्या, म्हणजे हवेतल्या उभ्या गोलाच्या, माथ्यावर बंद पडते, आणि तिथून विमान वाचवणं फार अवघड.

मोटर उलटी फिरते? तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. फिरते सुलट, पण जोर नाही? प्रोपेलर उलटा बसलाय. अक्षरांची बाजू पुढे हवी. वायर पुरत नसेल तर मोटर आणि ईएससीमधली वाढवा, बॅटरीकडची नाही. ईएससी तापतो? हवा बाहेर जायलाही वाट ठेवा, हवा आत येते त्या भोकापेक्षा मोठी. वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूच्या पंखाच्या टोकाला लावलेलं वजन इलेक्ट्रिक केलं म्हणून काढू नका.

आणि प्रोपेलर. ग्लो इंजिन थांबलं की थांबलं. बॅटरी जोडलेली मोटर मात्र शांत दिसली तरी टायमरच्या बटणाला चुकून बोट लागलं की सुरू होते. घरी टायमरची जुळवाजुळव करताना मी प्रोपेलर काढून ठेवतो. मैदानावर लाइन जोडून, ओढून तपासून, मदतनिसाने विमान मागून धरलं की मगच बॅटरी जोडतो, आणि उतरल्यावर आधी बॅटरी काढतो, मग हँडल गुंडाळतो.