आपोआप जुळणारी टार्गेटेड एलडीपी सेशन : नव्या नेटवर्क अभियंत्यांसाठी

एमपीएलएस, म्हणजे पॅकेटवरचे लेबल पाहून ते पुढे पाठवणाऱ्या नेटवर्कवर नव्याने काम करणारा अभियंता साधी एलडीपी, म्हणजे राउटरांमध्ये ही लेबले वाटणारा प्रोटोकॉल, लवकर शिकतो. थेट जोडलेले दोन राउटर २२४.०.०.२ या मल्टिकास्ट पत्त्यावर हॅलो पाठवून एकमेकांना ओळखतात आणि टीसीपीच्या ६४६ क्रमांकाच्या पोर्टवर सेशन उभे करून लेबलांची देवाणघेवाण करतात, एवढे समजले की रोजचे बरेचसे काम निभावते. थेट न जोडलेल्या राउटरशी सेशन (यालाच टार्गेटेड सेशन म्हणतात) हवे असते, तेव्हा मात्र गोंधळ सुरू होतो. जुनॉसमध्ये, म्हणजे ज्युनिपरच्या राउटरांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, एलडीपीखाली ‘ऑटो-टार्गेटेड-सेशन’ ही एक ओळ लिहिली की अशी सेशन आपोआप उभी राहतात. पण ती ओळ लिहिण्याआधी कागदावर एक रिंग काढावी, असा माझा आग्रह असतो.

अ, ब, क, ड, इ, फ असे सहा राउटर या क्रमाने रिंगमध्ये जोडलेले आहेत आणि सर्व लिंकची कॉस्ट सारखी आहे, असे धरू. अ-ब ही लिंक तुटल्यावर अ ने ब साठीचे पॅकेट फ कडे ढकलले, तर फ ते अ कडेच परत पाठवील, कारण त्याच्या हिशेबात ब चा जवळचा मार्ग अ मधूनच जातो. यावर २०१५ च्या आरएफसी ७४९० या इंटरनेट मानक-दस्तऐवजातील रिमोट एलएफए (दूरच्या राउटरमार्गे जाणारा, पॅकेट फिरत न ठेवणारा पर्यायी मार्ग) हा उपाय आहे. फ मार्गे जिथे पोहोचताना अ-ब लिंक लागत नाही आणि जिथून पुढे ब कडे जातानाही ती लागत नाही, असा राउटर शोधायचा. त्याला पीक्यू नोड म्हणतात, आणि आपल्या रिंगमध्ये तो ड आहे. आता अ ला दोन लेबले लागतात. ड पर्यंत नेणारे बाहेरचे लेबल शेजारी फ देतो, परंतु ब साठीचे आतले लेबल ड ने स्वतः दिलेलेच असावे लागते, कारण लेबलाचा अर्थ ते देणाऱ्या राउटरपुरताच असतो. अ आणि ड यांच्या लूपबॅकमध्ये (राउटरच्या स्वतःच्या, कोणत्याही एका लिंकवर अवलंबून नसलेल्या पत्त्यांमध्ये) सेशन लागते ते एवढ्याचसाठी.

ही सेशन हाताने लिहिता येतात, पण टोपोलॉजी बदलली की पीक्यू नोडही बदलतो, त्यामुळे मोठ्या नेटवर्कमध्ये तो मार्ग मी सुचवणार नाही. आपोआप पद्धतीत पीक्यू नोड शोधण्याचे काम ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस या मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलचे असते. म्हणून तिथे रिमोट बॅकअपची गणना आणि इंटरफेसवर लिंक प्रोटेक्शन चालू नसेल, तर एलडीपीला कोणाशी बोलायचे हेच कळत नाही. दुसरे असे की, दुरून आलेल्या हॅलोला उत्तर द्यायचे की नाही हे घेणारा राउटर ठरवतो. पीक्यू नोड कोणीही ठरू शकतो, त्यामुळे ‘ऑटो-टार्गेटेड-सेशन’ ही ओळ सर्व राउटरांवर असावी. सिस्कोच्या राउटरवर हेच काम टार्गेटेड हॅलो स्वीकारण्याच्या आज्ञेने होते. तिला अ‍ॅक्सेस लिस्ट जोडून फक्त आपल्याच लूपबॅकना परवानगी द्यावी.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ राउटरच्या संरक्षणासाठी लावलेले फिल्टर तपासण्यात जातो. केवळ थेट शेजाऱ्यांचा विचार करून लिहिलेला फिल्टर हॅलो ज्यावर येतात त्या यूडीपी ६४६ ला मल्टिकास्ट पत्त्यावरच वाट देतो, आणि टार्गेटेड हॅलो तर युनिकास्ट, म्हणजे एकाच राउटरच्या पत्त्यावर पाठवलेले असतात. याहून फसवा प्रकार टीसीपीचा आहे. ज्याचा ट्रान्स्पोर्ट पत्ता (टीसीपी जोडणीसाठी वापरलेला आयपी पत्ता) मोठा, तो राउटर जोडणी सुरू करतो. तेव्हा त्याला येणाऱ्या उत्तरात ६४६ हा स्रोत पोर्ट असतो, गंतव्य पोर्ट नव्हे. फिल्टरमध्ये फक्त गंतव्य पोर्ट लिहिलेला असेल, तर एकाच राउटरची काही सेशन उभी राहतात आणि काही राहत नाहीत, आणि नवखा माणूस पत्त्यांची तुलना न करता एलडीपीचे कॉन्फिगरेशनच उलटसुलट करत बसतो.

जुनॉसमध्ये आणखी दोन मूल्ये ठरवता येतात : सेशनची कमाल संख्या आणि गरज संपल्यावर सेशन मोडण्यापूर्वीचा विलंब. एखादी लिंक सारखी पडत-उठत असेल, तर पीक्यू नोडही सारखा बदलतो, म्हणून विलंब फार कमी ठेवू नये. सेगमेंट राउटिंग या नव्या पद्धतीवरील टीआय-एलएफए या पर्यायी-मार्ग तंत्राला ही सेशन लागत नाहीत, त्यामुळे हा विषय शिकण्याची गरज नाही असे काही जण सांगतात. परंतु ज्या नेटवर्कमध्ये लेबले एलडीपीच वाटते, तिथे तो टाळता येत नाही.

तपासताना सेशन ‘ऑपरेशनल’ दिसले म्हणून थांबू नये. अ वर ब च्या लूपबॅकचा मार्ग उघडून बॅकअप नेक्स्ट-हॉप (लिंक तुटल्यावर वापरायचा पुढचा टप्पा) पाहावा : तिथे फ कडे जाणारा इंटरफेस आणि त्यापुढे दोन लेबले असायला हवीत, आणि त्यातले आतले लेबल ड ने ब साठी जाहीर केलेल्या लेबलाशी आकड्यानिशी जुळायला हवे.