कंबरदुखीचा पेशंट आणि नवे फिजिओ: या चुका टाळा

दरवर्षी नवे इंटर्न येतात आणि त्याच चुका करतात. सगळ्यात जास्त चिडचीड होते ती एमआरआयचा रिपोर्ट पेशंटला वाचून दाखवण्याची. ही चूक मीही केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रॅक्टिसचं पहिलं वर्ष. नागपूरच्या इतवारीतले एक किराणा दुकानदार आले, वय पन्नाशीचं. मी रिपोर्ट पाहून म्हटलं, "काका, गादी सरकली आहे, वाकू नका." आठ महिन्यांनी परत आले तेव्हा बुटाची लेस मुलगा बांधून देत होता. पोतं सोडाच, खाली पडलेली पावतीही ते उचलत नव्हते. दुखणं केव्हाच कमी झालं होतं, माझं वाक्य तेवढं शिल्लक होतं. रिकाम्या डब्यापासून सुरुवात करून त्यांना पुन्हा वाकायला लावायला दीड महिना गेला.

कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यातली गादी बाहेर फुगलेली, दिसला. म्हणून मी आधी पेशंटला चालायला लावते, वाकायला लावते, रिफ्लेक्स आणि पायाची ताकद बघते. रिपोर्ट तोवर पाकिटातच.

दुसरी चूक मशीनची. "मॅडम, करंट लावून द्या ना," असं पेशंट म्हणणारच. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला एसीत पंधरा मिनिटं पालथं पडून बरं वाटणार नाही तर काय! पण ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ सालीच सांगितलंय, कंबरदुखीला अल्ट्रासाउंड, टेन्स आणि आयएफटी (दोन्ही करंटची मशीनं), ट्रॅक्शन (कंबर ताणणं) देऊ नका. मशीन लावून मोबाइल बघत बसणारा इंटर्न दिसला की मी प्लगच काढते.

व्यायामाचा छापील कागद देऊन मोकळं होऊ नका. समोर करून घ्या, पुढच्या खेपेला वजन वाढवा. पहिल्या दिवशीचे "दहा-दहा वेळा" तीन महिने तसेच चालू असतील, तर त्यात पेशंटचा काय दोष?

दोन दिवसांचा नीडलिंगचा कोर्स करून सुया टोचायला निघालेल्यांनी आधी नीट हिस्टरी घ्यायला शिकावं. लघवी अडतेय का, मांड्यांच्या मधला भाग बधिर आहे का, हे विचारायला लाजू नका. उत्तर "हो" आलं तर व्यायाम नाही, मशीन नाही, थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी. तिथे मात्र एमआरआय आजच हवा.