इंटरलॉक केबलला हात लावण्याआधी

ऑटोमॅटिक गाडीत चावी निघत नाही किंवा गिअर लिव्हर पार्कमधून हलत नाही म्हणून लगेच कन्सोल (लिव्हरभोवतीचं कव्हर) उघडायला बसू नका, आधी ब्रेक दाबून ब्रेक लाइट लागतात का ते कुणाला तरी बाजूला उभं राहून बघायला सांगा. लाइटच लागत नसतील तर दोष बहुतेक ब्रेक स्विचचा किंवा फ्यूजचा, कारण लिव्हर सोडणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या खिळीला) सिग्नल तिकडूनच येतो. इंटरलॉक केबलचं काम वेगळं आहे, ती इग्निशन लॉक आणि लिव्हरला जोडते म्हणून पार्कशिवाय चावी निघत नाही, आणि बटण स्टार्टवाल्या बऱ्याच गाड्यांत ती नसतेच.

केबलच ढिली आहे हे पक्कं झालं की गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, ठोकळे टाळू नकाच कारण काम करताना लिव्हर न्यूट्रलला जाऊ शकतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायला पाना, प्लास्टिकची पट्टी, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, स्क्रू ठेवायला डबी आणि त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ घ्या. मॅन्युअल हवंच, कारण अ‍ॅडजस्ट करताना चावी कुठल्या पोझिशनला ठेवायची हे गाडीगणिक बदलतं. कन्सोलजवळ एअरबॅगची वायरिंग असू शकते, त्यामुळे बॅटरी काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा. आणि हो, बॅटरी काढली की लिव्हर पार्कमध्येच अडकतो, तर शिफ्ट लॉक रिलीजची, म्हणजे अडकलेला लिव्हर हाताने सोडवायची, छोटी खाच कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

कन्सोल उघडलं की आत दोन केबल दिसतील. गिअरबॉक्सकडे जाणारीला अजिबात हात लावू नका, ती सरकली तर लिव्हर पार्क दाखवेल आणि गिअरबॉक्स पार्कमध्ये नसेल. इंटरलॉकवाली इग्निशनकडे जाते, तिच्या टोकाला बऱ्याचदा सरकणारी लॉक क्लिप असते. उघडायच्या आधी फोटो काढा, आणि जुनं प्लास्टिक कडक होऊन तुटतं म्हणून जोर लावू नका, क्लिप तुटली असेल तर नवीन केबल आणा, वायर बांधून इंटरलॉक बायपास करू नका, घरात लहान मूल असेल तर तेच कुलूप त्याला वाचवतं.

कन्सोल परत बसवायच्या आधी बॅटरी जोडून, ब्रेकवर पाय ठेवून तपासा: चावी फक्त पार्कमध्येच निघते का, चावी काढल्यावर लिव्हर हलत नाही ना, आणि इंजिन पार्क-न्यूट्रल सोडून कुठेच स्टार्ट होत नाही ना.