इलेक्ट्रिक गाडी घेताय? बॅटरी निवडताना या चुका टाळा

शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "एका चार्जमध्ये किती जाते?" सेल्समन आकडा सांगतो आणि आपण मनातल्या मनात पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परतसुद्धा येतो. गडबड इथेच होते.

आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचा नसतो. हा आकडा ज्या सरकारमान्य चाचणीतून येतो ती एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, जास्तीत जास्त ताशी ९० किमीच्या वेगाने होते. नेक्सॉनची ४५ किलोवॉट-अवरची बॅटरी त्यात ४८९ किमी देते. प्रत्यक्ष वापरात साडेतीनशेच्या आसपास धरा, असं टाटा स्वतःच सांगतात. म्हणून हिशेब किलोमीटरने नको, युनिटने करा. एक किलोवॉट-अवर म्हणजे घरच्या मीटरवरचं एक युनिट. अशा मध्यम आकाराच्या गाडीला शहरात युनिटमागे सात-आठ किमी धरावेत, हायवेवर शंभरच्या वेगाला सहा.

हो, हायवेवर कमी. पेट्रोल गाडीने लावलेली सवय इथे उलटी पडते. ताशी ८० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. समृद्धीवर पाय दाबून जाणाऱ्यांनी युनिटमागे पाचच धरलेले बरे.

दुसरी चूक म्हणजे १०० ते ० असं मोजणं. शून्यापर्यंत कुणी गाडी नेत नाही, दहा टक्के राखीव धरावेच लागतात, आणि फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं. म्हणजे घरून निघताना ९० टक्के हाताशी, वाटेत चार्ज केल्यावर ७० टक्केच. ४५ युनिटांच्या गाडीला पहिला टप्पा सुमारे २४० किमी, दुसरा १९०. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किमी आहे. कागदावर पोचलात, पण कराडला चहासोबत अर्धा तास चार्जिंग धरूनच निघा.

घाटाचं गणित लोक विसरतात. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची साडेपाचशे मीटरची चढण भरलेल्या गाडीची जास्तीची तीनेक युनिटं खाते, म्हणजे अठरा-वीस किमी गेले. उतरताना रीजनमुळे (मोटरच गाडीचा वेग रोखून वीज बनवते आणि बॅटरीत भरते) त्यातला बराच भाग परत येतो, पण बॅटरीत जागा असेल तरच! पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर १०० टक्के भरून सकाळी पसरणी घाट उतरलात तर रीजन जवळपास लागतच नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ८५-९० टक्क्यांवर थांबा.

आता उलटी चूक. रोजचं जाणं-येणं ४० किमी आणि कोकणवारी वर्षातून दोनदा, तरी सर्वात मोठी बॅटरी. साधा १५ अँपिअरचा सॉकेट तासाला तीनेक युनिट देतो. दहा तासांच्या रात्रीत दीडशे किमीहून जास्त भरतं. त्या दोन फेऱ्यांसाठी लाखभर रुपये जास्त मोजणं मला तरी पटत नाही. मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लगच नसेल तर मोठी बॅटरी घ्या, कारण चार्जरवर आठवड्यातून एकदाच जाणं होईल. म्हणून बुकिंगआधी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोला.

बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), म्हणजे आतलं रसायन कोणतं, हेही विचारा. एनएमसीला रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा सल्ला असतो, म्हणजे रोजच्या वापरातली पाचवा हिस्सा रेंज आधीच वजा. वॉरंटी क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर लागू होते, तेही लेखी घ्या.

गाडी घेतल्यावर डॅशबोर्डवरची रेंज अचानक पन्नास किमीने घसरली तर घाबरू नका. तो अंदाज गेल्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून बांधलेला असतो. आधी टायरमधली हवा तपासा आणि उन्हात कोंडीत किती वेळ अडकला होता ते आठवा. गाडी उभी असली तरी एसी तासाला एक-दीड युनिट ओढतो. टक्केवारीही तितकीच झपाट्याने उतरत असेल, तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठा.