गाडी पिकअप घेत नाही? आधी एअर फिल्टर बघा

खंबाटकी घाटात गाडी दम टाकत असेल, तर गॅरेज गाठण्याआधी बॉनेट उघडा.

१. थंड, बंद इंजिनवर एअर फिल्टरच्या (इंजिनात जाणारी हवा गाळणारा भाग) डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू काढा.

२. फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांतून प्रकाश येत नसेल तर नवाच घाला. ऊसतोडीच्या दिवसांत, कच्च्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो.

३. तरी फरक नाही? मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किमी वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिन फिरण्याचा वेग) झपकन चढला, पण गाडीचा वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. मेकॅनिकला नेमकं हेच सांगा, उगाच इंजिन खोललं जात नाही.

कागदी फिल्टर पाण्याने मात्र कधीच धुऊ नका.